गाडीचं तोंड घराकडे

माझ्या सासूबाईंचं आणि सासऱ्यांचं गाडीवरून भांडण मी लग्न होऊन भिवंडीजवळच्या पूर्ण्याला आले त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं, आणि इतक्या वर्षांत त्याचा मुद्दा कधी बदलला नाही. अंगणात गाडी उभी करायची तेव्हा तिचं तोंड कुठे असावं, एवढंच.

सासरे, म्हणजे बाबा, संध्याकाळी आले की फाटकाबाहेर थांबत, मान मागे वळवत आणि गाडी उलटी घेत घेत आत आणत. गाडीचं तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. इंजिनाचा आवाज फाटकाशी आला की सासूबाई, म्हणजे आई, हातातलं पीठ, विळी, जे काही असेल ते तिथेच टाकून ओट्यावर येऊन उभ्या राहत.

"झाली? फिरवली पाठ घराला?"

"झाली," बाबा उतरता उतरता म्हणत.

"कवा शिकनार तुमी?"

"उद्या."

मग आई पुटपुटत आत जात आणि बाबा पाय धुवायला नळावर. पहिल्या आठवड्यात मी घाबरले होते, की हे काय घरात रोजचं भांडण. पुढे पुढे भांडण झालं नाही तर घड्याळ बंद पडल्यासारखं वाटायचं.

आईंचं माहेर खाडीकाठचं. त्यांच्या वडिलांची होडी होती, मिठागरावरचं मीठ वाहायची. त्या घरचा नियम असा की कामावरून परतलेली होडी पुढच्या टोकानंच काठाला लागली पाहिजे. काठाकडे पाठ करून बांधलेली होडी म्हणजे माणूस घरी आलाय पण त्याचा जीव अजून पाण्यात आहे. खाडीतली होडी गेली, मिठागर गेलं, नियम मात्र आईंनी सासरी आणला आणि चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूला लावला. बैलगाडी होती तेव्हा बैलगाडीला. माझ्या स्कूटरला. नातवाच्या तीनचाकी सायकलला. एकदा गॅसवाल्यालाही त्यांनी त्याची हातगाडी फिरवून लावायला लावली होती, आणि तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन बघत राहिला होता.

गाडी तशी भांडण्यासारखी देखणी नव्हती. जुनी डिझेल गाडी, जीपच्या जातीची, चौकोनी, उंच, कधीकाळी पांढरी. आमच्या आजूबाजूला जमिनीवर गोडाऊनं उभी राहिली तशा प्रत्येक दारात नव्या चकचकीत गाड्या आल्या. नवऱ्यानंही एक घेतली. बाबांनी मात्र ही सोडली नाही. "हिचं सगलं हातानं खोलता येतं," म्हणायचे. मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली, ह्याच गाडीवर. गोडाऊनांच्या रस्त्यावर, कंटेनरांच्या रांगेतून. मी एकदा रिक्षाला घासले तेव्हा बाबा खाली उतरून रिक्षावाल्याला म्हणाले, "माजी सून हाय, शिकतेय. तू जरा लांबून जा ना." सासऱ्यांकडून इतका भरवसा मिळालेली बाई गावात दुसरी नसेल.

मी मूळची कामतघरची. माझे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागांवर, फिटर होते, आणि आता त्याच भागात मी शाळेत शिकवते. वडिलांची एक पद्धत होती. लूम बिघडला म्हणून बोलावणं आलं की ते आधी लूमकडे बघायचेच नाहीत. कारागिराला विचारायचे, "काल काय हलवलंस?" कारागीर शपथा घ्यायचा, काही नाही मास्टर, हात पण नाही लावला. वडील तंबाखू मळत उभे राहायचे. थोड्या वेळानं कारागीर म्हणायचा, तसा तो एक नट जरा कसला होता. मग वडील तोंडात तंबाखू टाकायचे आणि त्या नटाकडे जायचे. यंत्र आपणहून बिघडत नाही, कोणीतरी काहीतरी हलवलेलं असतं, असं त्यांचं ठाम मत. माणसांच्या बाबतीतही ते हेच म्हणायचे, त्यामुळे आमच्या घरी कुणाला उगीच रुसता येत नसे.

मागच्या वर्षी बाबांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणं थोडं जड झालं पण समजतं, हात बराचसा परत आला. पाय मात्र ओढत राहिला. डॉक्टर म्हणाले, हे पहिले काही महिने सोन्याचे आहेत, व्यायाम चुकवू नका, पाय जेवढा परत यायचा तेवढा ह्याच काळात येईल. व्यायामाची जागा धामणकर नाक्याच्या पुढे. रिक्षात बाबांचा पाय दुमडेना. नवऱ्याच्या नव्या गाडीची सीट इतकी खाली की पाटावर बसल्यासारखं व्हायचं, बसले तर उठवायला दोन माणसं. जुन्या गाडीची सीट बरोबर त्यांच्या कमरेला लागत होती. पाठ टेकवायची, सरकायचं, उजव्या हातानं डावा पाय उचलून आत घ्यायचा, झालं. कुणाचा हात न धरता ते एवढी एकच गोष्ट करू शकत होते, आणि ती करताना त्यांच्या तोंडावर जे यायचं ते बघण्यासाठी मी शाळेची वेळ बदलून घेतली होती. सकाळची शाळा सोडून दुपारची घेतली, सकाळी त्यांना व्यायामाला न्यायचं, घरी सोडायचं आणि तीच गाडी घेऊन शाळेत जायचं.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी गाडी मी आत घेतली. मला उलटी घेता येते, पण आमचं फाटक अरुंद आणि अंगणाला चढ. घर जुन्या लोकांनी उंच जोत्यावर बांधलंय, भरतीचं पाणी यायचं म्हणून, आणि ओट्यापासून फाटकापर्यंत मुरमाचा उतार आहे. मी दोनदा पुढेमागे केलं, तशा आई ओट्यावरून म्हणाल्या, "सरल घे की आत. कोन बघतंय आता."

मी सरळ घेतली. गाडीचं तोंड घराकडे झालं, पहिल्यांदाच. आई ओट्यावरून खाली उतरल्या, गाडीसमोर उभ्या राहिल्या, आणि आत जाऊन हळदकुंकवाची वाटी घेऊन आल्या. बॉनेटवर बोटं ओढली. मला वाटलं, नवरा मरणाच्या दारातून घरी आलाय त्याचं हे. असेलही. पण त्या गाडीकडे बघून हसत होत्या. खिडकीशी बाबांची खाट लावली होती, तिथून ते हे सगळं बघत होते.

तेव्हापासून गाडी तशीच लागत गेली. आणि तेव्हापासून ती सकाळी सुरू होईना. हे दोन्ही एकाच दिवसापासूनचं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. घरात माणूस आजारी असलं की बाकीच्या गोष्टींची तारीख कोण लक्षात ठेवतं.

किल्ली फिरवली की घर्र घर्र घर्र, जोरात, आणि पुढे काहीच नाही. परत घर्र घर्र. बाबा तयार होऊन, केस विंचरून, ओट्यावर खुर्चीत बसलेले. मी घामाघूम. शेवटी समोरच्या गोडाऊनातले हमाल यायचे, गाडी उतारावरून ढकलायचे, रस्त्यावर ती खोकत धूर सोडत चालू व्हायची. तोवर व्यायामाची वेळ टळलेली असायची. कधी टळायची नाही, पण बाबांनी ते सगळं बसून पाहिलेलं असायचं.

नाक्यावरचा मेकॅनिक आला. त्यानं बॉनेटखालचा, डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबला, डिझेलच्या फिल्टरशी काहीतरी सैल करून फेस काढला, गाडी सुरू झाली. "भाभी, बॅटरी डाउन है," म्हणाला. बॅटरी बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी घर्र घर्र आणखी जोरात, बाकी तेच. परत आला, हीटर प्लग बदलले. डिझेल गाडीला थंडीत सुरू होताना ऊब देणारे हे प्लग असतात. भिवंडीत आणि थंडी. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तिसऱ्या वेळी त्यानं रुमालाला हात पुसत निकाल दिला, "भाभी, गाडी बूढी हो गयी. पंप भी गया समझो. अब इसको आराम दो."

हे तो बाबांच्या खिडकीखाली उभा राहून म्हणाला. मला त्याच्या तोंडावर बॉनेट आपटावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांना उठवायला गेले तर ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. केस विंचरलेले नव्हते.

"राहू दे पोरी," म्हणाले. "तिचं झालं आता. माजं बी."

मला रडू आलं आणि रागही आला. राग जास्त. मी म्हटलं, बाबा, रिक्षानं जाऊ, पाय बाहेर काढून बसा. पण ते उठले नाहीत. त्यानंतर ते गेलेच नाहीत. घरी करायचे व्यायामही सोडले. चालायची चौकट, ती चार पायांची, कोपऱ्यात गेली आणि तिच्यावर घरातले पंचे वाळायला लागले. डॉक्टरांचे सोन्याचे महिने आमच्या डोळ्यांसमोर मातीत चालले होते. नवरा वाईट माणूस नाही, पण त्याला रोज सकाळचा तो तमाशा बघवेना. त्याचं म्हणणं, ती गाडी रोज समोर दिसते म्हणून बाबा खचतायत, नजरेआड झाली की सावरतील. त्यानं भंगारवाल्याशी बोलून रविवार ठरवला. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "द्या." आई मात्र संध्याकाळी गाडीच्या काचेवरची धूळ फडक्यानं पुसत होत्या.

शनिवारी सकाळी मी नवऱ्याला गाडीच्या मागे उभं केलं.

"मी सेल्फ मारते. नळीतून धूर येतो का बघ."

"उद्या तर चाललीये ती."

"तू बघ."

घर्र घर्र घर्र. धूर अजिबात नाही, म्हणाला. पांढरा नाही, काळा नाही, काही नाही. म्हणजे इंजिन फिरतंय पण त्याच्यापर्यंत डिझेलच येत नाहीये. आलं असतं आणि पेटलं नसतं तर निदान पांढरा धूर तरी निघाला असता. बॅटरी आणि प्लग दोघंही बिचारे निर्दोष. मग मी मेकॅनिकसारखा हातपंप दाबला. आधी पोकळ, फुसफुस, हाताला काही लागेना. दाबत राहिले तसा तो जड होत गेला. परत किल्ली, आणि गाडी सुरू. म्हणजे टाकीपासून येणाऱ्या नळीत कुठून तरी हवा शिरत होती. मेकॅनिकलाही एवढं कळलं होतं, पण त्याला ते दुखणं वाटलं नाही, म्हातारपण वाटलं.

माझं पुढचं अडलं ते इथे, की शाळेतून निघताना गाडी कधीच त्रास देत नव्हती. दुपारभर शाळेच्या मैदानात उभी राहते आणि संध्याकाळी एका दमात सुरू. नळी तीच, पंप तोच. हवा शाळेत सुट्टीवर जाते का? मी अंगणात उभी राहून वडिलांसारखं स्वतःलाच विचारलं, काल काय हलवलंस? आणि उत्तरही कारागिरासारखंच दिलं, काही नाही, हात पण नाही लावला.

तंबाखू मी खात नाही. फाटकाशी जाऊन उभी राहिले. आई नुकत्याच रांगोळी काढून आत गेल्या होत्या. स्वच्छ, पांढरी, कुठे डाग नाही. आणि मी त्या रांगोळीकडे बघत राहिले. कारण ह्या रांगोळीवरून आमच्या घरात दुसरं एक भांडण होतं, पहिल्याच्या पोटातलं. गाडीचं तोंड फाटकाकडे असायचं तेव्हा सकाळी तिच्या नाकाखाली, बरोबर रांगोळीच्या जागी, डिझेलचा एक डाग असायचा, रुपयाएवढा. आई त्यावर राख टाकायच्या आणि बाबांच्या नावानं बोटं मोडायच्या. तो डाग आता पडत नव्हता. कधीपासून? गाडी फिरवली तेव्हापासून. आम्ही सगळे खूष होतो, की चला, गळती थांबली.

गळती थांबली नव्हती. गाडी उताराला तोंड करून असायची तेव्हा मागची टाकी वर आणि इंजिन खाली, त्यामुळे नळी कायम भरलेली आणि सैल जागेतून थेंबभर डिझेल बाहेर. आता तोंड चढाला, टाकी खाली. रात्रभरात डिझेल उतरून टाकीत जात होतं आणि त्याच सैल जागेतून हवा आत येत होती. शाळेचं मैदान सपाट, तिथे काहीच होत नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. हलवली होती ती अख्खी गाडीच, आणि हलवणारी मी.

त्या संध्याकाळी मी गाडी उलटी आत घेतली. फाटकाच्या खांबाला थोडी घासली, ते असो. आई ओट्यावर आल्या. माझ्याकडे बघितलं, गाडीच्या पाठीकडे बघितलं.

"हे काय गं? शेवटच्या दिवशी तू पन?"

"एकच रात्र, आई. उद्या सांगते."

त्या आत गेल्या आणि जेवताना ताटात भात असा वाढला की शेजारच्या घरी ऐकू गेला असेल. बाबा खिडकीतून सगळं बघत होते. मला वाटलं विचारतील. त्यांनी चहा मागितला.

रविवारी सकाळी मी किल्ली फिरवली. घर्र म्हणायलाही तिला वेळ मिळाला नाही, अर्ध्या घर्रवर सुरू झाली. मी तशीच खाली उतरून पुढे पळत गेले आणि वाकून बघितलं. होता! रुपयाएवढा डाग, रांगोळीच्या जागेवर. मी इतक्या जोरात ओरडले की नवरा बनियनवर बाहेर आला, आणि डिझेलच्या डागाकडे बोट दाखवून हसणारी बायको बघून परत आत गेला. त्याच वेळी भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाशी येऊन हॉर्न वाजवायला लागला.

मी बाबांच्या खिडकीकडे बघितलं. ते जागे होते, बसले होते. इतक्या दिवसांनी पहिल्या किल्लीलाच सुरू झालेल्या गाडीचा आवाज अंगणभर होता. पण त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. ते गाडीकडे बघतही नव्हते. ओट्यावर येऊन उभ्या राहिलेल्या आईंकडे बघत होते, हिला वाईट वाटलं का अशा नजरेनं. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी आत गेले. "बाबा, तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"फिल्टरची नळी सैल आहे. गाडी चढाला लावली की हवा घेते. म्हणून तुम्ही इतकी वर्षं उलटी लावत होतात."

त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. पण मी शाळेतली बाई आहे, गप्प बसणाऱ्यांसमोर उभं राहायची मला सवय आहे. शेवटी ते म्हणाले, "पैल्यापासूनच सैल हाय ती."

"मग बोलला का नाहीत? रोज सकाळी माझी धावपळ बघत होतात, बॅटरी बदलली, प्लग बदलले, तुम्ही व्यायाम सोडलात!"

बाबांनी हनुवटीनं बाहेरच्या बाजूला खूण केली.

"ती कुंकू लावत व्हती गारीला. तू तिचं तोंड बघितलंस न्हाय, मी बघितलं. येवढ्या वर्सांनी तिच्या मनासारखं झालं. बोललो असतो तर लगेच फिरवून ठेवली असती तिनं." मग जरा थांबून, जड जिभेनं, "आनि मना आता कुठं जायचं हाय, पोरी? म्हटलं, उबी राहू दे तिच्या मनासारखी, हाय तवर."

तेवढ्यात दारातून आईंचा आवाज आला. त्या कधी आत आल्या ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

"आनि त्याच्या आदी?"

बाबा चपापले.

"त्याच्या आदी काय झालं व्हतं सांगायला? मी रोज ओरडत व्हते ओट्यावर येऊन. गाव हसत व्हता. येक नली बदलायला किती येल लागतो?"

"लागत न्हाय," बाबा म्हणाले.

"मग?"

बाबांचं हसू आता एका बाजूनंच येतं. त्या एका बाजूनं ते आलं.

"सांगितलं असतं तर तू बाहेर कशाला आली असतीस?"

"म्हंजे?"

"संध्याकाली गारीचा आवाज आला का हातातलं टाकून यायचीस. भांडायला का हुईना. नली बदलली असती तर बसली असतीस चुलीपाशी."

बाहेर गाडी चालू होती आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आई बाबांकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या हाताला पीठ लागलेलं होतं, ते त्यांनी पदराला पुसलं, जे त्या कधी करत नाहीत आणि मला करू देत नाहीत. मग वळल्या आणि तरातरा फाटकापर्यंत गेल्या.

"न्हाय द्यायची," टेम्पोवाल्याला म्हणाल्या.

"मांजी, साहब ने बुलाया था."

"साहब को मैं देखती. तू जा."

साहेब, म्हणजे माझा नवरा, तेव्हा आतल्या खोलीत शर्ट शोधत होता आणि बराच वेळ त्याला तो सापडला नाही.

नाक्यावरच्या मेकॅनिकला मी नळी दाखवली. "अरे हां," म्हणाला, आणि नवी बसवून, वर दोन वायसर बदलून, चहा पिऊन गेला. माझा त्याच्यावरचा रागही गेला. नळी सैल असल्याचं माहीत असलेला माणूस खिडकीत बसून गप्प होता, तर तो तरी काय करणार. आता गाडी चढाला लावा, उताराला लावा, तिला काही फरक पडत नाही. डागही नाही आणि हवाही नाही. आईंची रांगोळी वाचली, आणि त्यांना हवं तसं गाडीचं तोंड घराकडे ठेवायला कुणाची हरकत उरली नाही.

सोमवारी सकाळी मी गाडी सुरू करून बाबांच्या खिडकीशी आवाज दिला. ते आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. पाय दुखतो म्हणाले, मग डोकं दुखतं म्हणाले. गाडी सुधारली होती, पण सोडलेली गोष्ट पुन्हा धरायला माणसाला किल्ली थोडीच असते. चौकटीवर पंचे तसेच होते. मला भीती वाटायला लागली. गाडी वाचवून मी काय मिळवलं, असं शाळेत फळ्याकडे तोंड करून उभी असताना मनात यायचं.

मंगळवारी संध्याकाळी फाटकातून गाडी सरळ आत घ्यायला लागले, तशा आई ओट्यावरून म्हणाल्या, "उलटी घे."

"आई, आता गरज नाही. नळी बदलली ना."

"सांगतेय ना, उलटी घे."

सासूशी वाद घालून मी कधी जिंकलेले नाही. बाहेर नेली, मान वळवली, उलटी घेत घेत आत आणली. तोंड रस्त्याकडे, पाठ घराकडे. इंजिन बंद केलं आणि उतरले, तर आई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीकडेही नाही. दाराकडे तोंड करून, पूर्वीच्याच आवाजात, गोडाऊनातल्या हमालांनाही ऐकू जाईल असं ओरडल्या,

"झाली? फिरवली पाठ घराला?"

आतून काही आवाज नाही.

आई हलल्या नाहीत. मीही गाडीशीच थांबले. हाताला पीठ, चूल आत पेटलेली, काहीतरी करपल्याचा वास यायला लागला होता. तरी त्या उभ्या होत्या.

मग आत काहीतरी जमिनीवर पडल्याचा मऊ आवाज झाला. पंचे असावेत. मग लोखंडी पायांचा टक असा आवाज, आणि मागून ओढलेल्या पायाचा. परत टक. माजघरातून, देवघराजवळून, पुढच्या खोलीतून. मी मदतीला जायला निघाले तर आईंनी न वळताच हातानं मला थांबवलं.

बाबा दारात आले. केस विस्कटलेले, कपाळावर घाम. चौकट उंबऱ्याशी टेकवली आणि गाडीच्या पाठीकडे बघितलं, मग आईंकडे.

"झाली," म्हणाले.

"कवा शिकनार तुमी?" आईंचा आवाज शेवटच्या शब्दाला फाटला.

बाबांना दम लागला होता. त्यांनी तो पुरा घेतला.

"उद्या," म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "सकाली किती वाजता निघायचं, पोरी?"